मॅरेथॉन बघायला बाळाला न्यावे का?

लसीकरणाचा दिवस होता. आमच्या सरकारी रुग्णालयात त्या दिवशी बाहेरच्या बाकांवर बसायला जागा मिळत नाही. आया, आज्या, मावश्या, दुपट्यात गुंडाळलेली बाळे आणि प्रत्येकीच्या हातात लसीकरणाचे कार्ड. साडेतीन महिन्यांची एक मुलगी चौदाव्या आठवड्याच्या लसीसाठी आली होती. वजन चांगले होते, दूध नीट पीत होती, मान धरू लागली होती. मी कार्डावर सही करत असताना तिच्या आईने विचारले, “डॉक्टर, येत्या रविवारी ह्यांची मॅरेथॉन आहे. पहिल्यांदाच पूर्ण पळणार आहेत. हिला घेऊन बघायला जाऊ का?”

मी काही बोलण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, “सांगा तिला डॉक्टरसाहेब. एवढ्याशा पोरीला घेऊन कोणी गर्दीत जातं का?”

मी मान वर न करता म्हणालो, “नको.” आणि पुढच्या बाळाला हाक मारली.

नऊ महिने पूर्ण झाल्यावर तीच मुलगी गोवर-रुबेलाच्या लसीसाठी आली. पाऊस होता, गर्दी कमी होती. मी सहज विचारले, “कशी झाली मॅरेथॉन?” आई म्हणाली, “तुम्ही नको म्हणालात, मग घरीच बसले. मोबाइलवर ह्यांचा टिपका बघत होते. पेडर रोडच्या आधी तो बराच वेळ हलेना. पायात गोळे आले होते, ते नंतर कळलं. तोवर माझ्या जिवाचं पाणी झालं. सगळे म्हणतात, नुसता मॅरेथॉनवाला नवरा बघायला रडायचं काय? पण मी तीन महिने घराबाहेर पडले नव्हते हो.”

“आणि मुलगी झोपली का शांत?”

“कुठली झोपते! वाडीत सत्यनारायणाची पूजा होती. आमच्या खिडकीखालीच स्पीकर. सकाळपासून रात्री दहापर्यंत.”

हे ऐकल्यावर माझा ‘नको’ मला टोचला. मी बाळाला मोकळ्या हवेतल्या तासाभरापासून वाचवले आणि दिवसभर स्पीकरच्या वर ठेवले. त्या पूजेबद्दल मला कोणी विचारले नव्हते, मीही चौकशी केली नव्हती. आम्हा डॉक्टरांना ‘नको’ म्हणणे फार स्वस्त पडते. काही झाले तर बोल लागत नाही. त्याची किंमत मोजते ती घरी बसलेली आई. म्हणून जे उत्तर मी तेव्हा द्यायला हवे होते, ते आज सविस्तर देतो.

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होणारी मुंबईची मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण शर्यत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मरिन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजीअली, वरळी, सागरी सेतू असा फेरा घेते. हौशी धावपटू पहाटे पाचच्या सुमारास, अंधारातच सुटतात. उजाडल्यावर ड्रीम रनची धमाल असते. रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक संत्री, चिक्की, बिस्किटे घेऊन उभे असतात आणि कधी न पाहिलेल्या माणसाला नावाने हाक मारून ‘चला, चला’ म्हणतात. पुणे, सातारा, वसई-विरार इथेही आता अशाच शर्यती होतात. घरातले कोणी धावणार असले की तान्ह्या बाळाच्या आईला तिथे असावेसे वाटते. यात हट्ट काही नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. बाळाला त्या शर्यतीतले काही कळत नाही. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचे स्पष्ट दिसते, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा दिसतो तेवढेच. पुढच्या काही महिन्यांत नजर लांब पोहोचते, तरी मोठेपणी त्याला यातले काही आठवणार नाही. “मग नेऊन उपयोग काय?” असे घरातली वडीलधारी मंडळी विचारतात. उपयोग आईला आहे. बाळ तिच्या दुधावर आहे आणि दोन-अडीच तासांपेक्षा जास्त वेळ त्याला सोडून तिला जाता येत नाही. तेव्हा बाळाला न्यावे का, हा प्रश्न खरे तर आईने घराबाहेर पडावे का, असा आहे. तिने पडावे, हे माझे मत आहे. पण कसे, कधी आणि कुठे उभे राहायचे, याला मात्र नियम आहेत.

सगळ्यात मोठा धोका आवाजाचा आहे, आणि लोक सगळ्यात कमी विचार त्याचाच करतात. गर्दीला आपण घाबरतो. ढोल वाजतो तिथे मात्र बाळाला पुढे करतो, “बघ बघ, कसा वाजतो!” मॅरेथॉनच्या मार्गावर जागोजागी स्टेज, ढोल, लेझीम, डीजे असतात. ढोल-ताशाच्या किंवा मोठ्या स्पीकरच्या अगदी जवळ आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो. कारखान्यातल्या प्रौढ कामगारासाठी सुरक्षिततेचा हिशेब असा आहे: ८५ डेसिबलमध्ये आठ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. ही मर्यादा मोठ्या माणसाची झाली. बाळाच्या कानाची नळी आखूड आणि अरुंद असते, त्यामुळे तीक्ष्ण आवाज तिथे अधिक तीव्र होऊन पडद्यावर आदळतो. अंतर्कर्णातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बाळ झोपले म्हणजे आवाज त्याला बाधत नाही, हेही खरे नाही. झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत.

यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे, तो म्हणजे अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून ५ मीटरवर उभे राहण्याऐवजी ४० मीटरवर गेलात तर १८ डेसिबल कमी होतात. दोन्ही बाजूंना उंच इमारती असतील तर फरक थोडा कमी पडतो, पण पडतो. डेसिबल मोजायचे यंत्र जवळ नसले तरी एक साधी परीक्षा आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर ती जागा बाळाची नाही. कानात कापसाचे बोळे घालून फारसा फरक पडत नाही, आणि बोळा आत सरकण्याचा धोका वेगळाच. डोक्यावरून घालायचे कान झाकणारे मफ उपयोगी पडतात, पण मान धरलेल्या बाळाला आणि थोड्या वेळासाठीच. ते लावले म्हणून स्टेजसमोर जाऊन उभे राहू नये.

दुसरा प्रश्न हवेचा. मुंबईची हिवाळ्यातली पहाट गारव्यामुळे शुद्ध वाटते, प्रत्यक्षात तशी नसते. रात्री जमीन थंड होते, तिच्यावरची गार हवा खाली बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते. धूर, धूळ, बांधकामांची माती त्या झाकणाखाली कोंडते. ऊन चढले की हवा वर-खाली मिसळते आणि हे झाकण हळूहळू उठते. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची २४ तासांची मर्यादा आपल्या देशात घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. आपल्याकडे हिवाळ्यातल्या कित्येक दिवशी पहिलीही ओलांडली जाते. मोठा माणूस शांत असताना मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, तर नवजात बाळ ४० ते ६० वेळा. वजनाच्या हिशेबाने बाळ आपल्यापेक्षा साधारण दुप्पट हवा आत घेते. शिवाय फुप्फुसांतले बहुतेक वायुकोश जन्मानंतर तयार होत असतात. त्यामुळे हवेबद्दल काळजी करणारी आजी चूक नाही.

पण मग प्रामाणिकपणे पुढचेही बोलू. तीच हवा खिडकीतून घरात येते. त्यात आपण डास पळवायची अगरबत्ती लावतो, धूप घालतो, बाळाला शेक-शेगडीची धुरी देतो, शेजारच्या खोलीत कोणी विडी ओढतो. शर्यतीच्या सकाळी त्या रस्त्यावर निदान गाड्या नसतात, म्हणजे ताजा धूर तरी नाकाशी येत नाही. एका तासाच्या शर्यतीला नाही म्हणायचे आणि रोजच्या धुराकडे काणाडोळा करायचा, हा हिशेब जुळत नाही. माझा नियम सोपा आहे. पहाटे पाचला नेऊ नका, ऊन पडल्यावर न्या. आदल्या रात्री आणि सकाळी मोबाइलवर हवेचा निर्देशांक बघा. तो २०० च्या वर, म्हणजे ‘वाईट’ श्रेणीत असेल, तर बेत रद्द. दोन वर्षांखालच्या मुलाला मास्क लावू नये, त्याने श्वास कोंडतो. आणि घरातली ती धुराची कांडी त्याच दिवशी बंद करा, मच्छरदाणी लावा.

तिसरी भीती संसर्गाची. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. आईकडून मिळालेले संरक्षण त्याआधीच ओसरू लागते. मधल्या काळात बाळ उघड्यावर असते. २०२२ मध्ये गोवंडी आणि आसपासच्या भागात गोवराची साथ आली, तेव्हा आम्ही ते डोळ्यांनी पाहिले. पण गोवराचा विषाणू बंद जागेतल्या हवेत रेंगाळतो, समुद्राच्या वाऱ्यावर नाही. म्हणजे मरिन ड्राइव्हच्या कठड्यापेक्षा तिथे पोहोचवणारा लोकलचा डबा अधिक जोखमीचा. त्यात रविवार म्हणजे मेगाब्लॉक, उशिरा येणारी गाडी आणि दुप्पट गर्दी. वेळापत्रक आधी बघा, गर्दीचा डबा सोडून द्या, आणि शक्य असेल तर घराजवळच्या टप्प्यावरच उभे राहा. शेवटच्या रेषेशी जाण्याचा मोह टाळा. सगळी रेटारेटी तिथेच असते. आणि घाम पुसत आलेल्या दहा मित्रांना बाळाचा पापा घेऊ देऊ नका. बाबांनीसुद्धा आधी हात-तोंड धुवावे.

कपड्यांचेही सांगतो. आपल्याकडे बाळाला बाहेर काढायचे म्हणजे टोपडे, कानटोपी, स्वेटर, मोजे आणि वर दुपटे. जानेवारीत सकाळी सातला ते ठीक असते. दहाला ऊन लागते आणि बाळ आत उकडू लागते. त्याला सांगता येत नाही. मानेच्या मागे हात घालून बघा. घामट लागली तर एक थर काढा. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून ओढणी किंवा चादर टाकतात, तेही चुकते. आत हवा खेळत नाही आणि गरमी वाढते. छत्री धरा किंवा सावलीत उभे राहा. सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हाचे मलम चोपडण्यापेक्षा सावली उत्तम. आणि उन्हात आहे म्हणून पाण्याचा चमचा देऊ नका. सहा महिन्यांपर्यंत तहानही दुधानेच भागते. जरा लवकर-लवकर पाजा.

छातीशी बांधायच्या झोळीत बाळ न्यायचे असेल तर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. त्याचा चेहरा तुम्हाला सतत दिसला पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकलेली नसावी. टेकली की श्वासनलिका दुमडते, आणि बाळ आवाज न करता गुदमरते. चार महिन्यांखालच्या बाळांना हा धोका सर्वाधिक असतो. नवऱ्याला शोधण्याच्या नादात वीस मिनिटे खाली बघितलेच नाही, असे होऊ देऊ नका. बरोबर दुसरे मोठे माणूस हवेच. एकाने शर्यत बघायची, एकाने बाळ.

आणखी एक बाब कोणी सांगत नाही, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे, हे आधी ठरवा. शर्यतीमुळे रस्ते दुपारपर्यंत बंद असतात, आणि धावणाऱ्यांच्या लोंढ्यातून बाळाला घेऊन पलीकडे जाता येत नाही. आपले घर किंवा स्टेशन आणि जवळचे रुग्णालय ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला थांबा. बाळ तासाभराने कंटाळेल, रडेल, त्याला शी होईल. परत फिरायची वाट मोकळी हवी. नवरा अजून आला नाही म्हणून बाळाला तीन तास ताटकळत ठेवणे, हे मात्र मी मान्य करणार नाही. बाळाचा तास संपला की संपला.

कोणी जाऊच नये? सव्वा महिन्याच्या आतले बाळ, अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे बाळ, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेले बाळ, आणि त्या दिवशी सर्दी, खोकला, ताप असलेले कोणतेही बाळ. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप असेल तर शर्यत सोडाच, थेट डॉक्टरकडे जायचे. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक श्वास पडत असतील, छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, तरीही तसेच. ही यादी सोडली, तर तीन महिने ओलांडलेल्या, लसी वेळेवर झालेल्या धडधाकट बाळाने सकाळच्या उन्हात, आवाजापासून दूर, आईच्या कुशीत तासभर रस्त्याकडेला असण्यात मला अडचण दिसत नाही.

आता आईकडे येतो. सव्वा महिना बाळंतिणीने घरात राहावे, ही आपली जुनी रीत. तिच्यात विश्रांती होती, संसर्गापासून आडोसा होता, गरम जेवण होते. पण मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत तो सव्वा महिना कधी तीन महिन्यांचा, कधी सहाचा होतो, हे कळतही नाही. माहेरची माणसे परत गेलेली असतात, नवरा कामावर. भारतातल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के निघाले. म्हणजे माझ्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या दर पाच आयांमागे एक. ती कार्ड पुढे करते, बाळाचे वजन विचारते आणि जाते. तिच्या वजनाची, झोपेची, मनाची नोंद करायला त्या कार्डावर रकाना नाही. बाहेर पडल्याने नैराश्य बरे होते असा माझा दावा नाही. त्याला उपचार लागतात आणि ते सरकारी रुग्णालयांत मिळतात. पण कोंडून ठेवल्याने ते वाढते, एवढे मी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुरेसे पाहिले आहे. माझी मुलगी झाली तेव्हा मी निवासी डॉक्टर होतो. छत्तीस-छत्तीस तास ड्युटी करत होतो आणि घरी फोन करून सांगत होतो, “बाळाला बाहेर काढू नकोस.” बायको किती दिवस बाहेर पडली नाही, हे मी कधी मोजले नाही.

थोडे शहराकडूनही मागतो. या शर्यतींच्या मार्गावर धावपटूंसाठी पाणी असते, बर्फ असतो, वैद्यकीय तंबू असतात, आणि ते असायलाच हवेत. रायगडाच्या पायथ्याची हिरकणी गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी रात्री कडा उतरली, अशी गोष्ट आपण मुलांना सांगतो. तिच्या नावाचे स्तनपान कक्ष आपल्या एसटी स्थानकांवर आहेत. तसा एक आडोसा, दोन खुर्च्या आणि हात धुवायला पाणी शर्यतीच्या मार्गावर तीन-चार ठिकाणी करायला फार खर्च येणार नाही. मार्गाचा एखादा तुकडा बिनस्पीकरचा ठेवता येईल. तिथे म्हातारी माणसे, लहान मुले, कानाचे आजार असलेले सगळेच उभे राहतील. टाळ्यांनी धावणाऱ्याला जोर येतो, त्यासाठी डीजे लागत नाही. आणि रस्ता कुठे, किती वाजता ओलांडता येईल, याचा नकाशा आदल्या दिवशी मराठीत वर्तमानपत्रात द्यावा.

परवा लसीकरणाच्या दिवशी दुसऱ्या एका आईने असाच प्रश्न विचारला. या वेळी धावणारी तिची धाकटी बहीण होती. मी पेन खाली ठेवले आणि बाळ किती महिन्यांचे, बरोबर कोण येणार, कुठे उभे राहणार, स्पीकर किती लांब, परत कसे येणार, असे पाच प्रश्न विचारले. दोन मिनिटे लागली. मागे रांगेत कुरकुर झाली. ती म्हणाली, “वरळीला मावशीकडे थांबू, खाली रस्त्यावर फक्त ती येईल तेवढ्यापुरतं उतरू.” माझ्यापेक्षा चांगला बेत तिनेच केला होता. मी म्हणालो, “जा. बाळाला सर्दी झाली तर मात्र राहू द्या.” बरोबर आलेल्या सासूबाईंनी विचारले, “मग मीपण जाऊ का बरोबर?”